एक शब्द आधी

बायको : हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा.

खडू : हळूच बोलतोय. तू फोन बघ. कसं वाटतंय?

बायको : काय आहे हे?

खडू : काय आहे म्हणजे? कव्हर! आपल्या अल्बमचं. कंपनीतून आत्ता आलं. मॅनेजर साहेब स्वतः येतायत, खाली पोचलेत, लिफ्ट बंद आहे म्हणून जिन्यात धापा टाकत असतील. ते यायच्या आत सांग. कडक की नाही?

बायको : जरा तिरका धर, खिडकीचा उजेड पडतोय. ... केस चांगले आलेत तुझे.

खडू : केस! अगं, काळापांढरा फोटो, मागे काही नाही, नुसता चेहरा. कंपनीनं त्या गायकाच्या, थोरल्याच्या अल्बमचं केलं होतं तसं.

बायको : तेच म्हणते. थोरल्याचं होतं तसंच. हे खाली काय लिहिलंय?

खडू : नाव. खडू. अक्षरं बघ कशी, भिंतीवर खडूनेच लिहिल्यासारखी.

बायको : नावाखाली.

खडू : जन्मसाल.

बायको : आणि सालापुढे?

खडू : रेघ.

बायको : रेघेपुढे?

खडू : काही नाही. मोकळं आहे.

बायको : जिवंत माणसाच्या नावाखाली साल घालून पुढे रेघ कोण ओढतं रे?

खडू : डिझाइन असतं ते. तुला ना, प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

बायको : जागा सोडलीय त्यांनी. जागा सोडतात ती भरायला सोडतात.

खडू : शुभ बोल गं. आले बघ. ऐक, टकटक.

बायको : मी उघडते. तू तो दुधाचा बोळा उचल खुर्चीवरून. आणि दाराची आतली कडी बसवून दे एकदा, किती सांगायचं? नुसती लोंबतेय.

मॅनेजर : येऊ ना वहिनी? बेल मुद्दामच नाही वाजवली. तान्हं बाळ असलेल्या घरात बेल वाजवू नये, ही आमच्या बायकोची शिकवण. अहाहा, झोपलंय का सोनुलं? मुठी बघा कशा आवळल्यात. जन्मतःच भांडायला तयार, बापासारखी.

बायको : आईसारखी. बसा.

मॅनेजर : खरं म्हणजे तुम्हाला उठवायलाही लागू नये म्हणून चावीच आणणार होतो. पण ऑफिसातल्या खिळ्याला तुमच्या घराची चावी दिसेना. म्हटलं, यांनीच नेली असणार.

बायको : आमच्या घराची चावी तुमच्या खिळ्याला असते?

मॅनेजर : घर कंपनीचं ना वहिनी. एक चावी राहणाऱ्याकडे, एक खिळ्याला. कधी नळ तुंबतो, कधी काय. पद्धतच आहे.

खडू : साहेब, ते सोडा. कव्हर एक नंबर!

मॅनेजर : आवडलं? ऑफिसात सगळे उभे राहून बघत होते. एक मुलगी तर रडली.

बायको : रडली? कशाला?

मॅनेजर : अं... म्हणजे, भावना दाटून आल्या. खडूशेठ, ते कपाट दाखवा ना मला. पब्लिकला तेच बघायचंय.

खडू : हे काय. कपडे काढून टाकले, चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या, वरून ही माइकची वायर. आत मी एकटा मावतो, तेही पोट आत घेऊन. पिल्लू झोपलं की रेकॉर्डिंग, पिल्लू उठलं की कट.

मॅनेजर : आम्ही स्टुडिओ देत होतो.

बायको : स्टुडिओत पाळणा कुठे टांगणार होता?

खडू : आणि साहेब, आठव्या गाण्याचा ठेका आहे ना, धप-धप, धप... धप? तो ड्रम नाही. ही पिल्लाला थोपटते ना, तो आहे. फोन पाळण्यात ठेवला आणि रेकॉर्ड केला. खरी पाठ, खरा हात.

मॅनेजर : वा. वा! हे कुठेतरी लिहून घ्यायला हवं. बघा, अशाच गोष्टींनी अल्बम क्लासिक होतो.

बायको : कशानं होतो म्हणालात?

मॅनेजर : गोष्टींनी, वहिनी. खरं सांगू? गाणं चांगलं असून आता भागत नाही. चांगले अल्बम रोज येतात, सकाळच्या दुधासारखे. संध्याकाळपर्यंत नासतात. पूर्ण अल्बम ऐकतो कोण? अर्धं गाणं, की पुढचं. अर्धं गाणं, की पुढचं. पूर्वी एखादा अल्बम दहा वर्षं मुरायचा, मग लोक म्हणायचे, अरे, हा क्लासिक. आता दहा वर्षं कोणाकडे आहेत?

खडू : बरोबर आहे पण. घाई आहे सगळ्यांना.

मॅनेजर : म्हणून मग गोष्ट लागते. अशी, की ती कळल्यावर माणूस अल्बम पहिल्यापासून लावतो आणि मध्ये थांबत नाही. आणि ती पूर्ण झालेली लागते. अर्धवट गोष्टीला लोक जीव लावत नाहीत.

बायको : थोरल्याची पूर्ण झाली होती ना?

मॅनेजर : थोरला! काय गाणारा माणूस होता.

बायको : त्याचा अल्बम आला तेव्हा आम्ही दोघांनीच ऐकला होता बहुतेक. याच्या खोलीत, एकच इअरफोन, एक कानात याच्या, एक माझ्या. गावात कुत्रं विचारत नव्हतं. मग ट्रकनं उडवलं त्याला आणि आठवड्यात क्लासिक. मेल्या म्हशीला मणभर दूध.

खडू : अगं, असं नको बोलूस. तो पहिल्या दिवसापासून क्लासिक होता. मला तेव्हाच कळलं होतं. एकही गाणं पुढे ढकलावंसं वाटत नाही, आणि ऐकताना वाटतं, हा माणूस आपल्या घरात चार दिवस राहून गेला, आपल्या ताटात जेवला, आणि जाताना आपलंच सगळं सांगून गेला. तेच क्लासिक.

बायको : तुला कळलं होतं. मला कळलं होतं. थोरल्याला कुठे कळलं?

मॅनेजर : दुर्दैव. पण कंपनीनं त्याला न्याय दिला बरं. पोस्टर, कव्हर, सगळं त्याच संध्याकाळी लागलं. शहरभर.

बायको : त्याच संध्याकाळी?

मॅनेजर : हो. तयारच होतं ना.

बायको : दुपारी माणूस गेला आणि संध्याकाळी शहरभर त्याचा काळापांढरा चेहरा. दोन्ही सालांसकट. कसं काय तयार होतं, साहेब?

मॅनेजर : वहिनी, तुम्ही मला भलतंच समजताय. आम्ही कोणाला काही करत नाही. देवाशपथ. आम्ही फक्त तयार असतो.

खडू : झालं? मिळालं उत्तर? साहेब, हिचं मनावर घेऊ नका. रात्र-रात्र झोप नाही हिला, पिल्लाचे दात येतायत.

बायको : माझ्या झोपेवर नको ढकलूस. साहेब, मला एक सांगा. खाली समोरच्या दुकानापाशी एक माणूस मोटरसायकलवर बसून असतो. हेल्मेट काढत नाही. दुकानातून काही घेत नाही. तुम्ही आठव्या गाण्याची ती झलक सोडलीत ना, तेव्हापासून आहे. तो तुमचा माणूस आहे का?

मॅनेजर : हेल्मेटवाला? मी चढताना होता खरा. मला वाटलं, तुमचा कोणी नातेवाईक.

बायको : नातेवाईक घरात येतो. चहा मागतो.

मॅनेजर : मग चाहता असेल. झलक केवढी चाललीय, कल्पना आहे का तुम्हाला? पोरंटोरं म्हणतात.

खडू : ऐक, आत्ताही म्हणतायत.

(खालच्या गल्लीतून मुलांचा आवाज येतो, टाळ्यांच्या ठेक्यावर : "वॉचमन म्हणे, मुकादमाच्या खिशात होती! मुकादम म्हणे, ऑफिसच्या खिळ्याला होती! खिळा अजून भिंतीत, भिंत अजून जागी, दारामागे दादा होता, चावी कोणाकडे होती?")

मॅनेजर : अंगावर काटा येतो. नाव कुणाचंच नाही, आणि सगळ्या शहराला कळतं. परवा त्या गाद्यांच्या कारखान्याच्या मालकाची गाडी सिग्नलला थांबली, तर पोरांनी काचेवर टाळ्या वाजवत हेच म्हटलं म्हणे. काच काळी होती. खाली झाली नाही.

बायको : आणि तुम्हाला हसू येतंय.

मॅनेजर : हसू नाही वहिनी, कौतुक. बरं, मुद्द्याचं बोलतो. शुक्रवारी रिलीज. मोठं सभागृह वगैरे नको. आपण कारखान्याच्या त्या मागच्या दारापाशी करायचं.

खडू : जळलेल्या?

मॅनेजर : त्याच. दार अजून तसंच आहे, काळं पडलेलं, कुलपासकट. खडूशेठ दारासमोर उभे. हातात माइक, बास. स्टेज नाही, कठडे नाहीत, पोलीस नाहीत. आठवं गाणं एकदाच म्हणायचं आणि निघायचं. आमचे कॅमेरे चारी बाजूंनी असतील.

बायको : कॅमेरे चारी बाजूंनी. आणि माणसं?

मॅनेजर : माणसं येतीलच की.

बायको : संरक्षणाला म्हणते मी.

मॅनेजर : संरक्षण दिसलं की गाणं खोटं वाटतं, वहिनी. भिंत नको मध्ये.

खडू : मी करणार आहे.

बायको : तुला कोणी विचारलं अजून?

खडू : विचारायचं काय त्यात? अगं, शाळेच्या भिंतीवर खडूने ओळी लिहायचो, शिपाई ओला फडका घेऊन मागे यायचा. आयुष्यभर माझं लिहिलेलं कोणीतरी पुसत आलंय. हे पुसलं जाणार नाही. दहा वर्षांनी पिल्लू शाळेत जात असेल आणि कोणीतरी म्हणेल, तुझा बाबा तो का, आठव्या गाण्यावाला?

बायको : आणि ती काय म्हणेल? हो, होता?

खडू : तू ना...

बायको : दहा वर्षांनी बाबा घेऊन जाऊ दे ना तिला शाळेत. पोट सुटू दे तुझं. केस जाऊ देत. म्हाताऱ्या थोरल्याला बघायचं होतं मला. पन्नाशीत स्टेजवर चढला असता, दुसऱ्याच कडव्याला धाप लागली असती, आणि खालच्या पोरांनी त्याची ओळ पूर्ण केली असती. गाणाऱ्याला म्हातारं होऊ देतो तो अल्बम क्लासिक. मला विचाराल तर.

मॅनेजर : सुंदर बोललात. पण तसा वेळ बाजार देत नाही.

बायको : मग आठवं काढा. बाकीची आहेत की. चौथं लावलं की पिल्लू शांत होतं, ते पुढे करा.

मॅनेजर : आठवं काढलं तर चांगला अल्बम उरतो. मघाशी दुधाचं म्हणालो ना, तसा.

बायको : नासू दे. माणूस तरी नासत नाही त्यात.

मॅनेजर : खडूशेठ, तुम्हीच समजवा. आणि हो, त्यावरून आठवलं. आठव्यामध्येच एक बारीक गोष्ट आहे. तुमच्या आवाजाखाली एका बाईचा आवाज आहे. अगदी दबका. प्रत्येक ओळ तुमच्या एक शब्द आधी म्हणते. तुम्ही 'वॉचमन' म्हणता तेव्हा ती 'म्हणे'वर असते. तो कोणाचा?

खडू : कुठे? नाही बुवा.

मॅनेजर : आहे हो. आधी आमच्याही लक्षात आलं नाही. ऐकणाऱ्यांनीच पकडलं. इअरफोन लावले की स्पष्ट येतो. हजारो लोक विचारतायत, ही कोण? कोणी म्हणतं भूत आहे. कोणी म्हणतं, जळलेल्यांपैकी कोणाची तरी आई.

बायको : खडू. तू तो बंद केला नव्हतास?

खडू : ते... साहेब, ते सँपल आहे. जुन्या कॅसेटवरून कापून घेतलेलं.

मॅनेजर : कोणत्या कॅसेटवरचं? हक्क बघावे लागतील.

खडू : आठवत नाही आता. बाजारात घेतली होती.

मॅनेजर : कॅसेटवरच्या बाईला तुमच्या ओळी कशा पाठ?

खडू : म्हणजे... मी नंतर जोडलं... साहेब, तुम्ही पाणी घेणार का?

मॅनेजर : मला काय, माझी हरकत नाही. उलट ठेवूच तो. शुक्रवारी त्या दारामागे स्पीकर लावू. दारामागून तो आवाज, दारापुढे तुम्ही. लोक वेडे होतील.

खडू : दारामागून... बाप रे. हे भारी आहे, साहेब. खरंच. दादाला केवढं—

बायको : दादाचं नाव घेऊ नकोस! दादासाठी लिहिलं मी ते. तुला त्याच्या शेजारी निजवायला नाही लिहिलं!

खडू : अगं...

बायको : हलली. थांबा. बोलू नका कोणी. ... ओ ओ ओ. काही नाही, काही नाही माझी बाय. आई आहे इथंच. ... झोपली.

मॅनेजर : वहिनी, तुम्ही काय म्हणालात? लिहिलं... तुम्ही?

खडू : तिला म्हणायचं होतं, आम्ही दोघांनी मिळून.

बायको : राहू दे आता, कोंबडं झाकून उजाडायचं राहतं का? हो. मी लिहिलं. हिला पाजताना, एक हात मोकळा असायचा तेव्हा फोनवर, एका बोटाने. दादा माझा सख्खा भाऊ. त्या कारखान्यात गाद्या शिवायचा. माणसं मधेच बिडी ओढायला जातात म्हणून मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावून ठेवायचे. आग लागली तेव्हा चावी कोणाकडे होती, ते चौकशीत शेवटपर्यंत कळलं नाही. दादाचा हात कडीवरून सोडवावा लागला. पिल्लू तेव्हा माझ्या पोटात होतं. म्हणून रडायची मुभा नव्हती मला, बाळाला त्रास होतो म्हणायचे सगळे. ते सगळं रडू नंतर त्या गाण्यात गेलं.

मॅनेजर : आणि आवाज...

बायको : माझाच. याला माझ्या ओळी पाठ होत नाहीत. कपाटात उभा राहिला की विसरतो. मग मी बाहेर पिल्लाला थोपटत पुढचा शब्द याच्या कानात सांगायचे, दुसऱ्या माइकवरून. गाणं झालं की तो आवाज बंद करायचा असतो. या गाढवाने बंद न करताच पाठवलं.

खडू : पिल्लू उठलं होतं गं तेव्हा. घाईत राहिलं.

बायको : तर आता ऐका, साहेब. करारावर सही याची आहे. याने लिहिलेल्या गाण्यांची. आठवं याने लिहिलेलं नाही. म्हणजे ते तुमचं नाही. मी माझं गाणं परत घेते. गाणं नाही, तर दारासमोर उभं राहणं नाही. कव्हरवरची ती रेघ पुसून टाका.

मॅनेजर : एक मिनिट. मला विचार करू द्या. ... बहीण. सख्खी बहीण. पोटात बाळ. पाजताना लिहिलंय. एक शब्द आधी. वहिनी, वहिनी! हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं?

बायको : कारण तुम्ही असंच बघाल माझ्याकडे, म्हणून.

मॅनेजर : मी काय विचार करत बसलो होतो! खडूशेठचा चेहरा चांगला आहे, पण... राग मानू नका हं, शेठ.

खडू : नाही मानत.

मॅनेजर : पण ही गोष्ट! शुक्रवारी दारासमोर तुम्ही उभ्या राहायचं, वहिनी. कडेवर बाळ. काही गायची गरज नाही. नुसतं विचारायचं, एकदाच, चावी कोणाकडे होती? मालकाला तोंड लपवायला जागा उरणार नाही. करार नवा करू, तुमच्या नावाने करू, सगळे हक्क तुमचे. कव्हर रातोरात बदलतो. पाळण्याकडे वाकलेल्या तुम्ही, काळापांढरा फोटो. असं करा, थोडं खिडकीकडे वळा बरं. हां. तिथंच.

बायको : मी गाणं परत मागतेय, आणि तुम्ही...

मॅनेजर : परत नाही, वहिनी. गाणं आता तुम्हाला मिळणार आहे. पहिल्यांदाच. फक्त डिझाइनवाल्याला कळवायला एवढंच सांगा. तुमचा जन्म कोणत्या सालचा?

खडू : नाही.

मॅनेजर : काय?

खडू : साल सांगायचं नाही. तिचं साल विचारायचं नाही.

मॅनेजर : अहो शेठ, मघाशी तुमचं घातलं तेव्हा तर...

खडू : फोन ठेवा खिशात. फोटो काढलात ना आत्ता? पुसा. माझ्यासमोर पुसा. उठा साहेब.

मॅनेजर : आवाज कमी करा. बाळ...

खडू : बाळाचं नाव पण काढू नका. शुक्रवार नाही, दार नाही, अल्बम नाही. मला नको क्लासिक. मला साधं, फालतू, संध्याकाळी नासणारं काय असेल ते द्या.

मॅनेजर : बरं. ठीक आहे. मी जातो. रागात बोललेलं मी धरत नाही. पण समजून घ्या, गाणं बाहेर पडलंय. पोरांच्या तोंडात बसलंय. ते कुठून परत घेणार? शुक्रवारी तुम्ही आलात तर उत्तम. नाही आलात, तर 'ती आलीच नाही' हीसुद्धा एक गोष्ट होते. आम्ही तर काय...

बायको : तयार असता. माहीत आहे.

मॅनेजर : येतो वहिनी. जपा स्वतःला. मनापासून सांगतोय.

बायको : गेले.

खडू : दार लाव.

बायको : लावलं. रडतोयस की काय तू?

खडू : माझं साल लिहिलं होतं, तेव्हा मला भारी वाटलं गं. तुला दाखवायला धावत आलो. तुझं विचारलं, तेव्हा कळलं ती रेघ काय असते.

बायको : अक्कलदाढ उशिरा येते काहींना. पिल्लाच्या आधी आली, एवढं पुष्कळ. ये इकडे.

खडू : चल, निघू आपण. आत्ताच. तुझ्या मावशीकडे जाऊ, तिला गाणंबिणं काही कळत नाही. पिल्लाचे कपडे भर. मी पाळणा सोडतो.

बायको : पाळणा राहू दे. झोळी करून घेते मी तिला. ती हिरवी गोधडी काढ कपाटातली, तिच्यात झोपते नीट.

खडू : माइक?

बायको : माइक कशाला?

खडू : नाही... असू दे. राहू दे. ठेवतो इथंच.

बायको : घे रे. घे. पिशवीत तळाला घाल. गाणी दुसरी लिहीन मी. बडबडगीतं लिहीन.

खडू : ती पण मला पाठ होणार नाहीत.

बायको : सांगेन की कानात. एक शब्द आधी. ... खिडकीतून बघ जरा, साहेब गेले का?

खडू : गेले. गाडी वळली आत्ता. पोरं पण पांगली.

बायको : आणि तो? हेल्मेटवाला?

खडू : नाहीये.

बायको : गेला? सुटलो, बाई.

खडू : तो नाहीये. मोटरसायकल आहे. हेल्मेट आरशाला अडकवलंय.

बायको : दुकानात असेल.

खडू : दुकान बंद आहे. कडी लाव आतून.

बायको : कडी लोंबतेय, तुला सांगितलं होतं ना. नुसतं लॅच आहे. बाहेरून चावीशिवाय उघडत नाही, एवढंच.

खडू : मग ठीक आहे. चावी एक आपल्याकडे. माझ्या खिशात, ही बघ.

बायको : आणि ती दुसरी तू आणलीस ना? ऑफिसातल्या खिळ्यावरची?

खडू : मी? मी कशाला आणीन? मला वाटलं, तू आणलीस.

बायको : मी हिला सोडून जिना तरी उतरलेय का कधी?

खडू : पण साहेब म्हणाले, खिळ्याला नव्हती. मग ती चावी कोणा—

बायको : हळू बोल. पिल्लू उठेल.